निरोपाची फेरी: आओमोरी ते हाकोदाते

प्रश्न असा आहे: जपानमधील आओमोरी आणि हाकोदाते या दोन बंदरांदरम्यान ऐंशी वर्षे चाललेल्या रेल्वेच्या बोटींची शेवटची फेरी १३ मार्च १९८८ रोजी झाली. अशा निरोपाच्या फेरीत बोटीवर नेमके काय घडते, ती आखताना काय पाहावे लागते, पुढे त्या बोटींचे काय होते, आणि आपल्या कोकणच्या बोटींना असा निरोप का मिळाला नाही?

मी ३४ वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. सर्वांत खालच्या इंजिनिअरपासून सुरुवात करून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि त्यांतली शेवटची काही वर्षे प्रवासी बोटींवर गेली. दोन बोटींच्या अखेरच्या फेऱ्यांना मी इंजिनखोलीत उभा होतो. हाकोदाते बंदरात नोकरीच्या काळात एकदा आणि निवृत्तीनंतर पत्नीसह एकदा, असा दोनदा गेलो आहे. या अनुभवावरून माझे एक ठाम मत झाले आहे आणि पुढचे सगळे उत्तर त्याच मताच्या आधाराने लिहीत आहे. निरोपाची फेरी ही रोजच्या वेळापत्रकातली, रोजच्या कामाची फेरी असली पाहिजे. फुगे बांधून, निमंत्रित पाहुणे बसवून बंदराभोवती एक चक्कर मारली, तर तो समारंभ होतो आणि तो चांगलाही होऊ शकतो; पण बोटीचा निरोप तो नव्हे. आओमोरी-हाकोदातेची गोष्ट मला मोलाची वाटते ती याचसाठी, की तिथे शेवटच्या दिवशीही बोटी आपल्या नेमाच्या कामावरच होत्या.

हा मार्ग होन्शू आणि होक्काइदो या दोन बेटांमधल्या त्सुगारू सामुद्रधुनीवरचा होता. आओमोरीच्या पहिल्या अक्षराचा दुसरा उच्चार ‘सेइ’, हाकोदातेच्या पहिल्या अक्षराचा ‘कान’, अशी दोन गावांच्या नावांतली अक्षरे जोडून त्याला सेइकान म्हणत. ७ मार्च १९०८ रोजी स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या ‘हिराफू मारू’ या टर्बाइनच्या बोटीने तो सुरू झाला. अंतर ११३ किलोमीटर. बोटी रेल्वेच्याच मालकीच्या असल्यामुळे त्यांना गाड्यांसारखेच वेळापत्रक आणि गाड्यांसारखेच फेरीचे क्रमांक होते. आओमोरी स्थानकाचे फलाट जिथे संपत, तिथूनच धक्क्याकडे जाणारी वाट सुरू होई, आणि रात्रीच्या गाडीतून उतरलेले प्रवासी सामान सावरत त्या वाटेने धावत सुटत, कारण बोटीवर सतरंजीसारख्या अंथरलेल्या मोकळ्या बैठकीत पाय पसरायला कोपऱ्यातली जागा हवी असे. कोकणच्या बोटीत डेकवर वळकटी टाकून जागा धरण्यासाठी भाऊच्या धक्क्यावर झालेली धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माणसे वरच्या मजल्यांवर बसत, पण या बोटींचा खरा प्राण खालच्या मजल्यावर होता. तिथे चार पदरी रूळ टाकलेले होते आणि मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, थेट बोटीच्या पोटात ढकलल्या जात. १९६४ पासून आलेल्या ‘त्सुगारू मारू’ वर्गाच्या सात बोटींपैकी प्रत्येकीत अशा ४८ वाघिणी मावत, आणि शिवाय सुमारे बाराशे प्रवासी. बोट बंदरात आली की स्वतःभोवती वळून पिछाडीने धक्क्याला लागे. धक्क्याच्या टोकाला भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होणारा लोखंडी पूल होता. त्याचे रूळ आणि बोटीतले रूळ तंतोतंत जुळले की शंटिंगचे इंजिन वाघिणी आत लोटू लागे. इंजिनाचे स्वतःचे वजन पुलावर येऊ नये म्हणून इंजिन आणि वाघिणी यांच्यामध्ये काही रिकाम्या, सपाट गाड्या जोडलेल्या असत. ही युक्ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ज्याला ती सुचली त्या अनामिक माणसाविषयी मला फार आदर वाटला.

खरी कसोटी याच्या पुढे होती. बाजूच्या रुळावर वाघिणींची एक रांग चढली की बोट त्या बाजूला कलणार, आणि बोट कलली की पुलाचे रूळ पिळवटणार. म्हणून दोन्ही कुशींना पाण्याच्या मोठ्या टाक्या ठेवलेल्या होत्या, आणि वाघिणी आत येत असतानाच एका कुशीतले पाणी पंपाने दुसऱ्या कुशीत ढकलून बोट सरळ ठेवली जाई. पंपावरच्या माणसाची नजर कलदर्शकाच्या काट्यावर आणि कान वाघिणींच्या आवाजाकडे असणार. उतरवणे, पुन्हा भरणे, प्रवासी, रसद, तेल हे सगळे ५५ मिनिटांत आटोपून बोट परत सुटे. पार होण्याचा वेळ ३ तास ५० मिनिटे. म्हणजे चोवीस तासांत एक बोट पाच वेळा सामुद्रधुनी ओलांडे. जाऊन-येऊन अडीच फेऱ्या. हिशेब करून पाहिला तर दिवसातली पंधरा मिनिटेच शिल्लक उरतात. इतक्या घट्ट वेळापत्रकावर, हिवाळ्यातल्या बर्फाच्या वाऱ्यात, वर्षानुवर्षे बोटी चालवणे म्हणजे काय, हे इंजिनखोलीत काम केलेल्या माणसाला आतून कळते. त्यासाठीच या वर्गाच्या बोटींत एक-दोन मोठ्या इंजिनांऐवजी आठ लहान डिझेल इंजिने दोन दांड्यांना जोडलेली होती. एखादे इंजिन बंद ठेवून चालत्या बोटीत त्याची दुरुस्ती करावी आणि उरलेल्यांवर वेळ गाठावी, असा तो विचार होता.

या नव्या बोटी आल्या त्यामागे एक भीषण रात्र होती आणि निरोपाची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही. २६ सप्टेंबर १९५४ रोजी वादळ येणार याची कल्पना सर्वांना होती. संध्याकाळी हाकोदातेवर आभाळ काही काळ मोकळे झाले, वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, सरकून गेला असे वाटले, आणि अडून राहिलेली याच मार्गावरची ‘तोया मारू’ निघाली. तो डोळा नव्हता. वादळ अजून पश्चिमेला होते आणि मंदावत, जोर धरत चालले होते. बोटीने बंदराबाहेर नांगर टाकून तोंड वाऱ्याकडे धरले, पण तिची पिछाडी, वाघिणी आत घेण्याची ती बाजू, उघडीच होती. तिला दार नव्हते. लाटा मागून वाघिणींच्या मजल्यावर चढल्या आणि तिथून पाणी खाली बॉयलरच्या आणि इंजिनांच्या खोलीत झिरपत गेले. इंजिने थांबली. बोट किनाऱ्याच्या वाळूपर्यंत ढकलली गेली आणि तिथे, जमीन जवळ असताना उलटली. ११५५ माणसे गेली. त्याच रात्री त्याच उपसागरात रेल्वेच्या आणखी चार बोटी बुडाल्या आणि एकूण मृतांचा आकडा १४३० वर गेला.

त्यानंतर पिछाडीला पाणी अडवणारी दारे आली, इंजिनखोलीकडे जाणारी तोंडे बंद झाली, आणि समुद्राखालच्या बोगद्याचा जो विचार आधीपासून कागदावर होता त्याला निकड मिळाली. १९६४ मध्ये पाहणीचे खोदकाम सुरू झाले. ५३.८५ किलोमीटर लांबीचा, त्यांतला २३.३ किलोमीटर समुद्रतळाखाली असलेला बोगदा पुरा व्हायला जवळजवळ एक पिढी लागली आणि त्या कामात ३४ जणांचे प्राण गेले. म्हणजे या बोटींना निवृत्त करणारा बोगदा त्यांच्याच सर्वांत मोठ्या अपघाताने पुढे रेटला होता. बोटीवरच्या माणसांना हे ठाऊक होते. आपली नोकरी जाणार याचे दुःख आणि अशी रात्र पुन्हा कुणावर येणार नाही याचे समाधान, ही दोन्ही एकाच मनात शेजारी शेजारी असू शकतात. खलाशांच्या मनात ती असतातच.

१३ मार्च १९८८. बोगदा सुरू झाला तो याच दिवशी आणि बोटी बंद झाल्या त्याही याच दिवशी. या एका दिवसापुरते गाड्या समुद्राखालून आणि बोटी समुद्रावरून, दोन्ही चालल्या. मला ही व्यवस्था फार समजूतदारपणाची वाटते. आदल्या दिवशी बोटी बंद करून दुसऱ्या दिवशी फीत कापली असती, तर निरोप हा उद्घाटनाच्या आधीची साफसफाई ठरला असता. इथे ज्याला नव्या गाडीने जायचे तो गाडीने गेला, ज्याला बोटीने जायचे तो बोटीने गेला. संध्याकाळी ५ वाजता हाकोदातेहून ‘योतेइ मारू’ सुटली आणि ५ वाजून ५ मिनिटांनी आओमोरीहून ‘हाक्कोदा मारू’. दोन्ही वेळापत्रकातल्या फेऱ्या, आपापल्या क्रमांकाच्या. धक्क्यावरून कागदी फिती, थाळीसारख्या घंटेचा घणघणाट, आणि बोट सुटताना वाजवायची ती जुनी स्कॉटिश चाल, जी जपानमधल्या प्रत्येकाने शाळेच्या निरोपसमारंभात गायिलेली असते. हे सगळे त्या दिवसासाठी शोधून काढलेले नव्हते. कागदी फिती आणि घंटा ही तिथल्या बंदरांची रोजची भाषा होती.

वेळांचा हिशेब केला तर या दोन बोटी सातच्या सुमारास भर समुद्रात एकमेकींसमोरून गेल्या असणार. मार्चच्या मध्यावर तिथे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे पूर्ण अंधार. समोरच्या बोटीचे डोलकाठीवरचे दोन पांढरे दिवे एकाखाली एक दिसतात, मग त्यांच्या बाजूला लाल दिवा उघडतो आणि सर्व खिडक्यांची एक उजळ रांग शेजारून सरकत जाते. प्रवाशांना ते दृश्य वाटते. आमच्या दृष्टीने तो एक नेहमीचा प्रसंग असतो, ज्यात दोघींनी उजवीकडे सरून एकमेकींची डावी बाजू दाखवत जायचे असते. ऐंशी वर्षांत असे सामने किती झाले असतील त्याची मोजदाद नाही. नऊला काही मिनिटे असताना दोन्ही बोटी समोरासमोरच्या बंदरांत पोहोचल्या आणि सुमारे १६ कोटी प्रवाशांना पार नेलेला मार्ग संपला.

आता ज्या गोष्टीची जबाबदारी कप्तानाइतकीच चीफ इंजिनिअरवर असते, त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण निरोपाच्या फेरीचे खरे भय तिथे आहे. लाडक्या बोटीच्या शेवटच्या फेरीला गर्दी होते आणि ही गर्दी नेहमीच्या गर्दीसारखी वागत नाही. रोजचे प्रवासी जागा धरून बसतात. निरोपाचे प्रवासी बसत नाहीत. बोट सुटताना ते सगळे धक्क्याच्या बाजूच्या कठड्यावर येतात, समोरून दुसरी बोट आली की त्या बाजूला धावतात आणि पोहोचताना पुन्हा धक्क्याच्या बाजूला. प्रवासी बोटीच्या स्थैर्याचे आंतरराष्ट्रीय नियम नेमका हाच प्रसंग गृहीत धरतात. माणशी ७५ किलो वजन धरून, सगळे प्रवासी एका बाजूला लोटले तरी बोट १० अंशांहून अधिक कलता कामा नये, असे त्यांचे म्हणणे आहे. हजार माणसे म्हणजे ७५ टन. हे ७५ टन मध्यावरून पाच-सहा मीटर कडेला आणि तेही वरच्या मजल्यावर सरकतात. सेइकानच्या १३२ मीटर लांबीच्या बोटींना ते पेलता येई. नदीच्या पात्रातल्या, खाडीतल्या लहान बोटींना ते पेलतेच असे नाही, आणि निरोपाच्या दिवशी परवानगीपेक्षा वीस माणसे जास्त घेण्याचा मोह नेमका लहान बोटींवरच होतो.

आपल्याकडे हा धडा फार जुना आणि फार कडू आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. अमावास्येला घरी पोहोचण्याची घाई, पावसाळी समुद्र, आणि पावसाची झड व लाट आली तेव्हा प्रवाशांचे एका बाजूला सरकणे, असे तिच्याविषयी माझ्या लहानपणी कोकणातल्या घराघरांत सांगत. म्हणून मी काम केलेल्या एका बोटीच्या शेवटच्या फेरीआधी आम्ही तिकिटे नेहमीच्या संख्येपेक्षा चौथ्या हिश्शाने कमी विकावीत असा आग्रह धरला होता. वरिष्ठांना तो पसंत नव्हता. कप्तान ठाम राहिले म्हणून तो मान्य झाला. खालच्या टाक्या पाण्याने पूर्ण भरून घेतल्या. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी बोटीबरोबर हिंदकळते आणि कल वाढवते, हे शिकाऊ इंजिनिअरला पहिल्या महिन्यात शिकवतात, पण समारंभाच्या धांदलीत तेच विसरले जाते. वरच्या मजल्यावर बॅन्ड बसवायचा होता, तो आम्ही खालच्या मजल्यावर बसवला. कुणालाही काही कमी पडले नाही.

त्या फेरीत इंजिनखोलीत काय वेगळे होते, असे विचाराल तर बाहेरून काहीच नाही. दर तासाला तापमाने आणि दाब वहीत लिहायचे, ते लिहिले. एका इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरचे तापमान कायम थोडे चढे असे. त्या दिवशीही होते, आणि आमच्या मोटरमनने, म्हणजे इंजिनखोलीतल्या खलाशाने, रोजच्यासारखा त्याच्या झाकणावर हाताचा पंजा टेकवून पाहिला. तो पंजा त्याने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे ठेवला, एवढेच. फरक आला तो शेवटच्या क्षणी. बोट बांधली गेली की वरून एक आदेश येतो, ज्याला आम्ही ‘फिनिश्ड विथ इंजिन्स’ म्हणतो: इंजिनांचे काम झाले. रोज तो आला की आम्ही पुढच्या फेरीची तयारी करायचो, म्हणजे तो आदेश खरे तर विश्रांतीचा होता. त्या दिवशी त्याच्या शब्दांचा अर्थ शब्दशः होता. इंधनाचे झडप बंद केले, वंगणाचे पंप नियमाप्रमाणे अर्धा तास चालू ठेवले आणि मग तेही थांबवले. मग शेवटचा जनरेटर. बोटीवर वीस वर्षे काढलेल्या माणसानेही तिच्यातली शांतता कधी ऐकलेली नसते, कारण चालत्या बोटीत कुठला ना कुठला पंखा, पंप चालूच असतो. ती शांतता झाली तेव्हा आमच्यापैकी कुणी बोलले नाही. वहीत मी वेळ लिहिली आणि सही केली.

म्हणून कुणाला निरोपाच्या फेरीवर जायचे असेल, तर माझा सल्ला असा की शेवटच्या दिवसाबरोबर त्याआधीच्या एखाद्या साध्या, पावसाळी मंगळवारीही जावे. त्या दिवशी बोट आपल्या स्वभावात असते. कॅन्टीनवाल्याशी बोलायला वेळ असतो, खलाशी दोर कसा फेकतो ते दिसते, इंजिनाची थरथर बाकाच्या कोणत्या टोकाला जास्त येते ते कळते. छायाचित्रे सगळेच काढतात. आवाज कुणी टिपून ठेवत नाही. भोंग्याचा, साखळीचा, धक्क्याला लागताना टायर चिरडल्याचा आवाज टिपून ठेवावा. आणि शेवटच्या फेरीत कठड्याकडे धावू नये.

पुढे बोटींचे काय होते याचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात देता येते: भंगार. मुंबईत भाऊच्या धक्क्यापासून जहाजे तोडण्यासाठी ओळखला जाणारा दारूखाना फार दूर नाही, आणि गुजरातमध्ये अलंगच्या वाळूवर जगातली जहाजे येऊन लागतात. त्यात अपमान काही नाही. बोटीचे पोलाद पुन्हा वितळून कामाला लागते. बोट जपायची म्हणजे काय याची कल्पना मात्र लोकांना नसते. उभी बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर कुजते. तळाचा पत्रा पाण्यात झिजत राहतो, सुक्या गोदीत काढल्याशिवाय तो किती झिजला ते कळत नाही, बंद खोल्यांत ओल धरते, जुन्या वायरिंगला आगीचे भय असते, आणि तिकिटांचे उत्पन्न मात्र थांबलेले असते. सेइकानच्या बोटींमध्ये हे सगळे प्रकार झाले. १९८८ च्या उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या निमित्ताने ‘योतेइ मारू’ आणि ‘तोवादा मारू’ जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुन्हा चालवल्या गेल्या. शेवटची फेरी करून झालेल्या बोटीला परत बोलावणे मला आधी रुचले नव्हते. पण मार्चमध्ये ज्यांना जागा मिळाली नाही अशांना तो उन्हाळा मिळाला, हे कळल्यावर मत बदलले. ‘योतेइ मारू’ पुढे तोक्योत संग्रहालयात उभी राहिली आणि शेवटी तोडली गेली. ‘हाक्कोदा मारू’ आओमोरीत आणि ‘माशू मारू’ हाकोदातेत, आपापल्या जुन्या धक्क्यांना, आजही तरंगत उभ्या आहेत.

त्या दोघींपैकी ‘हाक्कोदा मारू’ पाहण्याची मी विशेष शिफारस करतो. ती १९६४ च्या ऑगस्टपासून शेवटच्या संध्याकाळपर्यंत, २३ वर्षे ७ महिने, चालली. तिच्या वर्गात सर्वांत जास्त. तिथे वाघिणींचा मजला आणि इंजिनखोली दोन्ही उघडी ठेवली आहेत. रुळांवर जुन्या गाड्या तशाच साखळ्यांनी जखडून उभ्या आहेत. मी खाली गेलो तेव्हा आधी वास घेतला. तेलाचा वास अजून होता. इंजिनांच्या मधली वाट इतकी अरुंद, की दोघे समोरासमोर आले तर एकाने अंग चोरायचे. आणि त्या वाटेच्या लोखंडी जाळीवर, जिथे ड्यूटीवरचा माणूस उभा राहत असणार तिथे, जाळीचे काठ पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले मला दिसले. माझी पत्नी म्हणाली, एवढे काय पाहता? मी तिला तिथे उभे राहायला सांगितले. त्या जागेवरून सगळे दाबमापक एका नजरेत दिसतात.

आता कोकण. आपल्या बोटींना असा निरोप का मिळाला नाही? माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधे आहे: आपल्या बोटी एका दिवसात संपल्या नाहीत. तिथे बोगद्याची तारीख ठरली आणि त्या तारखेने बोटींचीही तारीख ठरवली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला, आणि तोपर्यंत मुंबई-गोव्याची जुनी बोट थांबून बरीच वर्षे झाली होती. तिची जागा एका दिवशी एका गोष्टीने घेतली नाही, एस.टी. आली, रस्ता सुधारला, खाड्यांवर पूल झाले, खाड्यांच्या मुखाशी गाळ साचला, आणि एकेक बंदर वेळापत्रकातून गळत गेले. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राही आणि माणसे, बोचकी, आंब्याच्या पेट्या, तान्ही मुले पडावातून तिच्याकडे जात. लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणी खलाशाने हात धरून वर ओढायचे. बोट लागून हैराण झालेल्या म्हाताऱ्यांना असे चढवणे-उतरवणे पाहिले, तर एस.टी. आल्यावर लोक तिच्याकडे का वळले ते समजते. त्यांना दोष देता येत नाही.

शिवाय आपला समुद्र दरवर्षीच बोट बंद करतो. मे महिन्याच्या अखेरीस शेवटची बोट जाई आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा येई. त्यामुळे आमच्या बंदरावर ‘शेवटची बोट’ हा शब्द दर मे महिन्यात सहज वापरला जाई, त्यात निरोपाचा अर्थच नसे. ज्या मे महिन्यात आमच्या बंदरातून खरोखरची शेवटची बोट गेली, त्या दिवशी ती शेवटची आहे हे पडाववाल्यांना माहीत नव्हते, चाकरमान्यांना माहीत नव्हते, आणि मला वाटते बोटीवरच्या माणसांनाही नव्हते. निरोप घ्यायला तारीख लागते. ती ज्यांनी ठरवायची त्यांनी ठरवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. एक पत्रक, धक्क्यावर एक फळा, भोंग्याचे तीन लांब सूर. याला खर्च काही नव्हता.

मी तेव्हा दूरच्या जहाजावर होतो. आईचे पत्र पुढच्या बंदरात मिळाले, त्यात घरच्या बातम्यांमध्ये तीन-चार ओळी बोटीविषयी होत्या. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, पण बोट यंदा अजून आली नाही, असे तिने लिहिले होते. आमच्या शेजारच्या तांडेलाने पडावाच्या फळ्यांच्या सांध्यांत नवा कापूस भरला होता, तेल पाजले होते, दोर बदलले होते, आणि दिवाळी होऊन गेली तरी तो रोज पहाटे उठून पुळणीवर जाऊन बाहेर दिवा दिसतो का ते पाहून येत होता.